मुलांच्या हृदयाचा धोका : सीआरपी नव्हे, रक्तदाब मोजा

कोविडच्या साथीने ‘सीआरपी’ हे नाव घरोघरी पोहोचवले. शरीरात दाह निर्माण झाला की यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन रक्तात सोडते; त्याचेच हे मोजमाप. प्रौढांमधील हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज बांधण्यासाठीही त्याची अतिसंवेदनशील चाचणी वापरली जाते. तीच चाचणी स्थूल मुलांसाठी उपयोगी पडेल काय, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविक आहे. उपलब्ध पुरावा पाहता त्याचे उत्तर सध्या तरी नकारार्थी द्यावे लागते.

प्रश्नाला शास्त्रीय आधार आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. पोटातील चरबी हा निष्क्रिय साठा नसतो. तिच्यातून इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्ये स्रवतात आणि यकृताला दाहाचा संदेश मिळतो. सडपातळ मुलांच्या तुलनेत स्थूल मुलांमध्ये सीआरपी वाढलेले असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. तथापि, वाढलेला आकडा धोक्याची खूण असू शकतो, धोक्याचे कारण नव्हे. जन्मजात जनुकीय रचनेमुळे ज्यांचे सीआरपी अधिक असते, त्यांना हृदयविकार अधिक होतो असे व्यापक जनुकीय अभ्यासांत आढळले नाही.

भारतात अडचण आणखी वेगळी आहे. प्रौढांच्या मोजणीत लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी सीआरपी म्हणजे अल्प धोका आणि ३ हून अधिक म्हणजे मोठा धोका मानला जातो. घसादुखी, ताप किंवा त्वचेवरील गळू एवढ्यानेही मुलांमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचे सीआरपी तपासले गेले, ते हृदयासाठी नव्हे. ५ मिलिग्रॅमहून अधिक सीआरपी असलेली मुले लोहाच्या कमतरतेच्या गणनेतून वगळण्यात आली, कारण संसर्गात फेरिटिन फसवे वाढते. ज्या आकड्याचा उपयोग देशात संसर्ग ओळखण्यासाठी होतो, त्याच आकड्यावरून हृदयाचे भाकीत करणे धाडसाचे ठरेल. संधिवाताचा ताप किंवा कावासाकी आजाराच्या निदानात त्याचे स्थान अर्थातच अबाधित आहे.

खरी चिंता याच सर्वेक्षणाच्या इतर निष्कर्षांत आहे. ५ ते ९ वर्षे वयोगटातील सुमारे ३४ टक्के मुलांमध्ये ट्रायग्लिसराईड अधिक आढळले. शालेय व किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १० टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत होती, तर किशोरवयीनांपैकी ५ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता. विशेष म्हणजे अतिवजनाचे प्रमाण या दोन्ही गटांत ४ ते ५ टक्केच होते. म्हणजेच धोका केवळ लठ्ठ दिसणाऱ्या मुलांपुरता मर्यादित नाही. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून सुरू असलेल्या माता पोषण अभ्यासाने याचा उलगडा काही अंशी केला आहे. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या अर्भकांपेक्षा बरेच कमी होते. पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ज्याला ‘कृश पण चरबीयुक्त’ म्हटले, तो हाच देह. वजनकाट्याला तो दिसत नाही.

बालपणातील कोणते घटक पुढे खरोखर घातक ठरतात, याचे उत्तर २०२२ मध्ये मिळाले. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातील सुमारे ३८,५०० मुलांचा दशकानुदशके मागोवा घेण्यात आला. शरीरवजन निर्देशांक, वरचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराईड आणि किशोरवयातील धूम्रपान या पाच घटकांचा प्रौढपणीच्या हृदयविकाराशी संबंध आढळला. त्या यादीत सीआरपी नव्हते. अमेरिकेच्या तज्ज्ञगटानेही २०११ मध्ये मुलांसाठी दाहनिर्देशकांच्या तपासणीची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले होते.

या पाचांपैकी रक्तदाब मोजण्यास ना सुई लागते, ना प्रयोगशाळा. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना वयाच्या तिसऱ्या वर्षापासून तो दरवर्षी मोजण्यास सांगते. शाळांतील आरोग्य तपासणीत उंची आणि वजनासोबत तो घेता येईल. मात्र त्यासाठी मुलांच्या दंडाच्या मापाचे पट्टे हवेत. प्रौढांचा रुंद पट्टा बारीक दंडावर बांधला, तर रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि वाढलेला रक्तदाबही नजरेतून निसटतो.