राख आपली, काम दुसऱ्याचं?

न्यू हॅम्पशायरच्या आपल्या भागात गॅसची पाइपलाइन सगळीकडे पोचलेली नाही. तेलाचं किंवा प्रोपेनचं बिल डोईजड झालं की लोक पेलेट स्टोव्ह घेतात, आणि मंडळातल्या काही कुटुंबांनीही तो घेतला आहे. भुसा दाबून केलेले पेलेट इथेच जॅफ्रीच्या कारखान्यात तयार होतात. चाळीस पौंडांचं पोतं हॉपरमध्ये ओतायचं, बटण दाबायचं, बाकी सगळं यंत्र बघतं. व्हेंटचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आमचा माणूस येतो ना दर ऑक्टोबरला!" त्या माणसाला जरूर बोलवावं. पण व्हेंट साफ ठेवणं हे घरातल्यांचं काम आहे, ते हिवाळाभर चालायला हवं, आणि त्यातली मोठी सफाई ऑक्टोबरात नव्हे, वसंतात व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी साधा हिशेब. ५० पोती म्हणजे एक टन. थंडीत तीन टन जाळणारं घर इथे नवलाचं नाही. प्रीमियम प्रतीच्या पेलेटमध्ये वजनाच्या १ टक्क्यापर्यंत राख चालते. निम्मीच धरली तरी तीन टनांमागे ३० पौंड. त्यातली बरीचशी ट्रेमध्ये पडते. जी हलकी, ती झोताबरोबर उडून तीन-चार इंची नळीत शिरते आणि वळणावळणाला बसते. एनएफपीए २११ या मानकात वर्षातून एकदा तपासणी सांगितली आहे, पण ती कमीत कमी. अनेक उत्पादक तर एक-दोन टन जळले की व्हेंट बघा म्हणतात. ऑक्टोबरला येऊन गेलेल्या माणसाने जानेवारीतली नळी पाहिलेलीच नसते.

"स्टोव्हला सेफ्टी स्विच असतो की," असा दुसरा युक्तिवाद ऐकू येतो. तो तपासायचा तर धूर बाहेर कसा जातो ते समजून घ्यावं लागेल. आपला जुना बंब आठवा. गरम धूर मधल्या नळीतून आपसूक वर चढतो, आणि नळीला फट असली तर बहुधा बाहेरचीच हवा आत ओढली जाते. पेलेट स्टोव्हमध्ये पंखा भट्टीतला धूर ओढतो आणि पुढच्या नळीत ढकलतो. त्यामुळे पंख्याच्या पुढे सांधा सैल असेल तर धूर थेट खोलीत येतो, आणि नळी चोंदत गेली की त्या सांध्यावरचा दाब वाढतो. स्विच मोजतो ती पंख्याच्या अलीकडची, भट्टीतली ओढ. ती फारच घटली तर ऑगर थांबतो आणि पेलेट पडणं बंद होतं. अर्धवट चोंदलेली नळी त्याला खपते आणि पंख्यापुढची गळती त्याला कळतच नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. तो ओळखणारा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा.

व्हेंट बुजण्याचे परिणाम आपल्या शेजारच्या राज्याने पाहिले आहेत. जानेवारी २००५ च्या हिमवादळात मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ इथे घराच्या हीटिंगचा व्हेंट बर्फाने झाकला गेला आणि सात वर्षांची मुलगी कार्बन मोनॉक्साइडने दगावली. त्याच वर्षी तिच्या नावाचा 'निकोल्स लॉ' मंजूर झाला आणि तिथल्या घरांत हे अलार्म सक्तीचे झाले. ते यंत्र पेलेटचं नव्हतं, पण भिंतीतून आडवा निघणारा आपला व्हेंटही जमिनीपासून फार उंच नसतो. नॉरईस्टरच्या रात्री तो मोकळा करायला कंत्राटातला माणूस येणार नाही. फावडं आपल्यालाच उचलायचं आहे.

काम घाणेरडं आहे, अवघड नाही. स्टोव्ह पूर्ण गार होऊ द्यावा, मगच प्लग काढावा. सुरुवात आतून: बर्न पॉटची भोकं, मागच्या पत्र्याआडची राख, पंख्याची पाती. मग व्हेंटच्या टीची, म्हणजे T आकाराच्या जोडाची, खालची टोपी. ती फिरवण्याआधी खाली पत्र्याचा डबा धरावा, कारण टोपी सुटताक्षणी करडी राख भसकन खाली येते. ही मऊ राख सहज निघते. बाहेरच्या टोकाकडे मात्र धूर गार होतो आणि नळीला आतून काळी काजळी धरते. तिथे नळीच्या मापाचा ब्रश लवचिक दांड्यावर चढवून मागेपुढे घासल्याशिवाय गत्यंतर नाही. बाहेरच्या तोंडाला लीफ ब्लोअरची ओढणारी बाजू लावून राख खेचण्याची युक्ती इथे लोकप्रिय आहे. सुट्या राखेसाठी ती झकास, पण काजळी तिने खरवडली जात नाही, आणि आत एखादा निखारा असेल तर ती धोक्याची. घरातला साधा व्हॅक्यूम तर राखेच्या जवळही नेऊ नये. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घरापासून निदान १० फुटांवर ठेवावी. वरून गार दिसली तरी आत विस्तव दिवसेंदिवस टिकतो. शेवटी टोपीचं सील नीट बसवावं आणि पुन्हा पेटवताना खोलीतला दिवा मालवून सांध्यांवर बॅटरीचा झोत टाकावा. धुराची रेघ लगेच दिसते. दिसली तर स्टोव्ह बंद.

मधल्या काळात लक्ष द्यायचं ते ज्योतीकडे. चपळ, लख्ख ज्योत लांबट, नारिंगी आणि मंद झाली, काच दिवसभरात काळवंडली, बर्न पॉटमध्ये अर्धकच्चे पेलेट साचले, की हवा अडते आहे असं समजावं. उष्णतेसाठी मोजलेले पैसे काजळी होऊन नळीला चिकटत असतात.

आता ऑक्टोबरबद्दल. दसऱ्याला यंत्राला झेंडू वाहून हंगाम सुरू करायला माझी हरकत नाही, पण सफाईला तो मुहूर्त उशिराचा आहे. एप्रिलमध्ये स्टोव्ह विझवून तसाच सोडला तर आतली राख उन्हाळ्याची दमट हवा शोषते, नळीला आणि पंख्याला गंज चढतो. पाखरांनी टोपीत घरटं केलं तर तेही ऑक्टोबरातच कळणार. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास इथली शेवटची थंडी ओसरते. मोठी सफाई तेव्हा करावी आणि तोंडाला जाळी लावून टाकावी. पेटवण्याआधी ती काढायची आठवण म्हणून स्टोव्हवरच चिठ्ठी चिकटवावी.

प्रत्येक गोष्ट आपणच करावी असा माझा हट्ट नाही. नळी छतातून वर जात असेल, सांधे नव्याने बसवायचे असतील, गॅस्केट किंवा पंखा बदलायचा असेल, तर जाणकारालाच बोलवावं. पण तो आला की दुसऱ्या खोलीत कॉलवर न बसता शेजारी उभं राहावं, काय काढलं आणि कसं बसवलं ते पाहावं. आपल्यातले निम्मे लोक इंजिनिअर आहेत, आणि तरी टीची टोपी कुठे असते हे घरात एकालाच ठाऊक असतं, किंवा कोणालाच नसतं. तो एक जण पुण्याला गेला असताना वादळ आलं तर?

म्हणून कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव ठेवतो. तीन आणि चार इंची ब्रश, लवचिक दांडे आणि राखेसाठीचा धातूच्या टाकीचा व्हॅक्यूम असा एक संच मंडळाने विकत घ्यावा. तो ग्रंथालयाच्या कपाटाशेजारी ठेवावा आणि सभासदांनी वहीत सही करून घरी न्यावा. मेमध्ये एका शनिवारी कोणाच्या तरी घरी प्रात्यक्षिक व्हावं. मुलांनाही बोलवावं, आणि टोपी त्यांच्याच हातांनी उघडू द्यावी.