चित्र लिहिणाऱ्या बाया

आपण चित्र ‘काढतो’. डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक ‘लिहितात’. हा शब्द नीट ऐकला, की आदिवासी बाईच्या चित्राला नुसती नक्षी म्हणवत नाही.

लग्नघराची कुडाची भिंत शेणामातीनं सारवलेली असते, वर गेरूचा हात फिरवलेला असतो. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, बांबूची काडी टोकाशी चावून मऊ करायची, की रंग आणि कुंचला तयार. मग सवाशिणी भिंतीपाशी बसतात. आधी चौकोन, त्याला नक्षीच्या कडा, आणि मधोमध पालघट देवी. लग्नात विधी करणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांचा मान असतो, तसा भिंतीवर या बायांच्या हाताचा. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे घरादाराच्या देखत लग्नाची नोंद करण्याचा हक्क बायांकडे असतो.

1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या गंजाड परिसरात पोचले, आणि वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं मोठेपण वादापलीकडचं आहे. पण कागदाला लग्नविधीचं बंधन नव्हतं. तिथे पुरुष आले, बाजार आला, आणि पिढ्यान् पिढ्या चौक लिहिणाऱ्या बाया बहुतांशी भिंतीपाशीच राहिल्या. आज पिशव्यांवर, कपांवर, साड्यांच्या काठांवर वारली चित्रांतला तारपा नाच दिसतो. ही चित्रं ज्यांच्या परंपरेतून आली, त्या बायांचं नाव कुठेच नसतं.

भिल्लांकडे गोष्ट उलटी घडली. तिथे पिठोरा हे विधीचं भित्तिचित्र लिहिणारा ‘लखारा’ पुरुषच असतो आणि पिठोऱ्याचा घोडा बाईनं काढायचा नाही, अशी रीत. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं. पिठोऱ्याचा घोडा वर्ज्य होता, म्हणून त्यांनी झाडं, मोर, झोपड्या, जनावरं, गावातलं जगणं ठिपक्याठिपक्यांनी उभं केलं. पुढे भोपाळच्याच जनजातीय संग्रहालयाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःची जीवनकथा रंगवली. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जिनं कधी दुसऱ्यांच्या भिंतींसाठी ओझी वाहिली, तिनं एका भिंतीवर स्वतःला मांडलं.

मध्य प्रदेशातल्याच उमरिया जिल्ह्यात लोरहा गाव आहे. तिथल्या जोधइया बाई बैगा ऐन तारुण्यात विधवा झाल्या. मजुरी करून, लाकूडफाटा विकून त्यांनी मुलं वाढवली. सत्तरीच्या आसपास, शांतिनिकेतनात शिकलेले आशिष स्वामी यांच्या कलाशाळेत त्यांनी पहिल्यांदा कुंचला धरला. मोहाचं झाड, वाघ, बैगांचे देव, जंगलातली जनावरं त्यांच्या चित्रांत आली. सरपणासाठी जे जंगल त्यांनी तुडवलं, तेच आता त्या रंगवत होत्या. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. डिसेंबर 2024 मध्ये त्या गेल्या.

अशा गोष्टी सांगताना ‘कलेनं दुःख बरं झालं’ असं चटकन म्हटलं जातं. मला ते पटत नाही. वैधव्य, भूक, उन्हातली मजुरी कुठल्याही रंगानं पुसली जात नाही. या बायांच्या बाबतीत जे घडतं, त्याला आपल्या भाषेत जवळचा शब्द आहे, सावरणं. जो हात आयुष्यभर दुसऱ्याच्या हुकमानं राबला, तो एक रेघ आपल्या मर्जीनं ओढतो, तेव्हा बाई सावरू लागते. त्या रेघेचे पैसे तिच्या हातात पडतात आणि चित्राखाली तिचं नाव येतं, तेव्हा ती ताठ उभी राहते. मर्जी, मोबदला आणि नाव, तिन्ही मिळाली तरच हे सावरणं टिकतं. यातलं नाव आणि मोबदला आपल्या हातात आहेत, आणि तिथेच आपण हात आखडता घेतो.

म्हणून मागणं साधं आहे. शाळेत वारली चित्रकला शिकवायची असेल, तर पाड्यावरच्या बाईला मानधन देऊन बोलवा. मुलांना त्रिकोण-वर्तुळाची माणसं शिकवण्याआधी चौकाची गोष्ट तिच्या तोंडून ऐकू द्या. सरकारी इमारतींच्या भिंती रंगवून घेताना निम्मं काम बायांना द्या आणि कोपऱ्यात त्यांची नावं घाला. आणि पुढच्या वेळी दुकानात वारली नक्षीची पिशवी हातात घ्याल, तेव्हा किमतीच्या आधी एवढंच विचारा: हे कुणी लिहिलं?