आशावादाची किंमत

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात व्यक्तिमत्त्व विकासावर एक व्याख्यान झाले. सभागृह भरले होते. वक्ते मोठे वाकबगार. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून 'मी यशस्वी होणारच' असे एकवीस वेळा म्हणावे, म्हणजे मन खंबीर होते, असा मंत्र त्यांनी दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वसतिगृहातल्या आरशावर तशी चिठ्ठी चिकटवली आणि आठवडाभर मनोभावे तो जप केला. खोटे कशाला सांगू? बरे वाटले. अंगात एक प्रकारचा उत्साह संचारला.

त्याच आठवड्यात वर्गातला एक मित्र माझ्याकडे अर्थशास्त्राची वही मागायला आला. तो 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून शिकतो. सुगीसाठी घरी जावे लागल्याने त्याचे पंधरा दिवसांचे तास बुडाले होते. मी त्याला म्हणालो, "अरे, वही गावी राहिली बघ." वही माझ्या उशाखाली होती. वर्गात पहिला कोण येणार, अशी आम्हां दोघांचीच चुरस होती. समोर आरसा होता, आरशावर चिठ्ठी होती आणि मी शांतपणे खोटे बोलत होतो. त्या विषयात तो चार गुणांनी नापास झाला. मी पहिला आलो.

मित्रहो, हे सांगण्याचे कारण असे की, तेव्हापासून 'सकारात्मक विचार' हा शब्द ऐकला की मला ती उशी आठवते. त्या दिवशी माझे विचार सकारात्मक नव्हते काय? होते, अगदी काठोकाठ होते! पण ते सगळे माझ्याचपुरते होते. मला यश मिळेल, माझे भले होईल, मी पुढे जाईन. अशा विचाराने माणसाची हाव वाढेल. माणूस वाढेल काय, याची मला शंका आहे.

याच सुमारास एका प्राध्यापकांच्या सांगण्यावरून मी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी वाचले. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली आणि जातीपातीचा भेद न ठेवता बहुजनांच्या मुलांसाठी बोर्डिंग चालविले, हे आपण शाळेतच शिकलो आहोत. महात्मा गांधी १९२७ मध्ये तिथे येऊन गेले, हेही ठाऊक असते. पण माझे लक्ष खिळले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर.

लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या. त्या काळच्या अशा घरातल्या स्त्रीला परजातीचे पोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आले तरी विटाळ वाटावा. त्या लक्ष्मीबाईंनी सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने वाढले आणि पोटच्या पोरांसारखे वागविले. भाऊराव धान्यासाठी आणि वर्गणीसाठी खेडोपाडी हिंडत. इकडे मुलांच्या तोंडी घालायला दाणा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना काढून दिला. शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही मुलांच्या अन्नासाठी गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. त्या लहानशा बोर्डिंगाच्या शाखा पुढे महाराष्ट्रभर पसरल्या, पण ते पाहायला त्या राहिल्या नाहीत.

या प्रसंगाला आपण 'त्याग' म्हणतो, हात जोडतो आणि पान उलटतो. मला वाटते, इथे थोडे थांबले पाहिजे. सौभाग्यवतीचे मंगळसूत्र म्हणजे नुसते चार मासे सोने नव्हे. ते उतरले तर धन्याच्या जिवाला अपाय होतो, अशी तिची लहानपणापासूनची श्रद्धा. म्हणजे त्या घटकेला लक्ष्मीबाईंनी दागिना तर दिलाच, पण रक्तात भिनलेली एक समजूतही सोडली. बदल स्वीकारणे म्हणतात ते हे! आणि भरवसा कशावर ठेवला? ही उपाशी पोरे उद्या शिकून शहाणी होतील यावर. आशा, बदल आणि औदार्य अशी तीन वेगळी प्रकरणे व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत असतात. लक्ष्मीबाईंच्या हातून ती तिन्ही एकाच कृतीत घडली. आरशासमोर त्या काय म्हणत असतील, हा प्रश्नही मनात येत नाही.

यावरून माझे मत असे बनले आहे की, ज्या आशावादाची काहीच किंमत आपल्याला मोजावी लागत नाही, तो आशावाद नव्हे. ती आपली आपणच काढलेली समजूत होय. उद्याचा दिवस चांगला येणार असे मला खरोखर वाटत असेल, तर आज माझ्या हातातले थोडेसे सुटले तरी मला भीती का वाटावी? वही लपवणारा माणूस मुळात भित्रा असतो. यश थोडेच आहे आणि ते दुसऱ्याला मिळाले तर माझे कमी होईल, असा त्याचा हिशेब असतो. याहून नकारात्मक विचार दुसरा कोणता?

आणखी एक गोष्ट नम्रपणे नमूद करतो. ज्याच्याकडे परीक्षेची फी भरायला पैसे नाहीत, त्याला 'विचार बदल, म्हणजे आयुष्य बदलेल' असे सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. माझ्या मित्राच्या विचारांत काही खोट नव्हती. त्याला फक्त पंधरा दिवसांची टिपणे हवी होती. भाऊरावांनीही गरिबांच्या मुलांना नुसती आशा दिली नाही. राहायला जागा दिली, जेवण दिले आणि हाताला काम देऊन ताठ मानेने शिकायची वाट दिली. स्वाभिमान आणि आशावाद अशा व्यवस्थेतून उगवतात, नुसत्या उपदेशातून नव्हे.

कुणी म्हणेल, लक्ष्मीबाईंची उंची आपल्याला कशी गाठता येणार? खरे आहे. पण मंगळसूत्राची मागणी आपल्याकडे कोण करतो आहे? आपल्याकडे मागणी आहे ती एका वहीची, अर्ध्या तासाची, इंग्रजीला घाबरणाऱ्या खेड्यातल्या मुलाशेजारी बसून एक उतारा समजावून देण्याची. एवढे देताना जर आपला हात आखडत असेल, तर विकासाच्या गोष्टी आपण कुठल्या तोंडाने कराव्यात?

मी माझ्या प्रथम वर्षाच्या सगळ्या वह्या ग्रंथपालांच्या परवानगीने ग्रंथालयातल्या वाचन कक्षात ठेवल्या आहेत. कुणीही वापराव्यात. आणखी कुणी आपल्या वह्या तिथे ठेवल्या तर आनंद वाटेल. आरशावरची चिठ्ठी मात्र मी काढून टाकली.

माझा मित्र तो विषय पुन्हा देऊन उत्तीर्ण झाला, तोही माझ्या वहीवाचून. वही गावी नव्हती, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. हा अंक त्याच्या हाती पडण्यापूर्वी मी त्याच्याकडे जाणार आहे. त्याने काय म्हणावे, हे मी ठरवू शकत नाही.

(द्वितीय वर्ष, कला)