कार्डावर दोन टक्के ‘एक्स्ट्रा’

‘कार्ड? दो परसेंट एक्स्ट्रा लगेगा.’

लॅमिंग्टन रोड असो, लक्ष्मी रोड असो, नाहीतर तुमच्या सोसायटीखालचं मोबाईलचं दुकान. हे वाक्य कधीच ऐकलं नाही असा पगारदार माणूस दाखवा! घासाघीस संपलेली असते, खोक्याचं सील फोडून झालेलं असतं आणि पाकिटातून कार्ड बाहेर येताच काऊंटरमागचा चेहरा बदलतो. मग कुणी वैतागून मुकाट पैसे देतं, कुणी ‘अहो, असं कसं?’ म्हणून हुज्जत घालतं, कुणी तरातरा समोरचं एटीएम गाठतं. शांतपणे हिशेब मात्र फारसं कुणी करत नाही.

तर आधी हे दोन टक्के येतात कुठून ते बघू. तुम्ही शंभर रुपयांचं कार्ड स्वाइप करता तेव्हा दुकानदाराच्या खात्यात शंभर पडत नाहीत, अठ्ठ्याण्णवच्या आसपास पडतात. मधल्या पैशाला म्हणतात एमडीआर, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट. त्यातला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा मशीन बसवणाऱ्या बँकेचा आणि उरलेला व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्यापैकी जे कोणी असेल त्याचा. क्रेडिट कार्डावर हा दर किती असावा यावर रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातलेली नाही. तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स, एअरपोर्टवरच्या लाउंजमधलं ‘फुकट’ सँडविच, तो कॅशबॅक, यातला बराचसा खर्च याच पैशातून निघतो. म्हणजे पॉइंट्स तुमचे आणि बिल काऊंटरमागच्या काकांचं! त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या तर मला तरी फार नवल वाटत नाही.

आता तुमची बाजू. समजा लॅपटॉप साठ हजारांचा. दोन टक्के म्हणजे बाराशे रुपये. तुमचं कार्ड एक टक्क्याच्या हिशेबाने पॉइंट्स देतं असं धरलं, तर ते झाले सहाशे. शिवाय बिल भरायला पंचेचाळीस दिवस मिळाले आणि तेवढे दिवस पैसे सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये राहिले, तर ३ टक्के व्याजाने सव्वादोनशेच्या आत-बाहेर सुटतात. बाराशे दिले, सव्वाआठशे मिळाले. पावणेचारशेचा फटका, तोही पुढच्या महिन्यात पूर्ण बिल भरलंत तर. ‘मिनिमम ड्यू’वर भागवणाऱ्यांनी ही बेरीज करूच नये, कारण तिथे महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज सुरू होतं आणि दोन टक्के म्हणजे किस झाड की पत्ती.

पण डेबिट कार्ड काढलंत आणि तरीही दुकानदार दोन टक्के मागतोय? तिथे बिनधास्त नाही म्हणा. डेबिट कार्डावर ग्राहकाकडून जादा पैसे घ्यायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवलं आणि घेणाऱ्या दुकानाशी संबंध तोडा इथपर्यंत सांगितलं. शिवाय जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाचा दर मोठ्या दुकानदाराला जास्तीत जास्त ०.९० टक्के (तोही एका व्यवहाराला हजार रुपयांच्या वर नाही) आणि वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्याला ०.४० टक्के. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयला तर शून्य. मग डेबिट कार्डावर घेतलेले दोन टक्के बँकेकडे किती आणि गल्ल्यात किती, हे तुम्हीच काढा.

क्रेडिट कार्डाचं प्रकरण जरा धूसर आहे. मशीन देणाऱ्या बँकेबरोबरच्या करारात सहसा असा जादा आकार घ्यायचा नाही असं कलम असतं. पण ते कलम दुकानात कुठे टांगलेलं नसतं, आणि आपल्यापैकी फारसं कुणी बँकेला फोन करण्याच्या भानगडीत पडत नाही. करायचाच असेल तर चार्ज स्लिपवर ज्या बँकेचं नाव छापलंय तिच्याकडे करा, तुमच्या कार्डाच्या बँकेची ती पार्टी नव्हे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही आहे.

दुकानदार नेहमी चोरच असतो असंही नाही हं. नोटाबंदीनंतर, जानेवारी २०१७ मध्ये काय झालं होतं आठवतंय? सगळा देश कार्ड घेऊन पेट्रोल पंपावर उभा, आणि काही बँकांनी पंपवाल्यांना एक टक्का लावायचं ठरवलं. लिटरमागे ठरलेल्या कमिशनवर धंदा करणाऱ्यांनी ९ जानेवारीपासून कार्डच घेणार नाही असं जाहीर करून टाकलं. ते १३ तारखेपर्यंत पुढे ढकललं गेलं आणि शेवटी, हा भार ग्राहकावरही नाही आणि पंपावरही नाही, हे सरकारला सांगावं लागलं. मोबाईल-लॅपटॉपवाल्यांचं मार्जिनही असंच बारीक. साडीच्या किंवा सोन्याच्या शोरूमने मात्र हे रडगाणं गाऊ नये.

सोनारांची तऱ्हा तर आणखी झकास. तिथे ‘एक्स्ट्रा’ शब्द उच्चारतच नाहीत. ‘कार्ड चालेल ना मॅडम, पण मग मजुरीवरचा डिस्काउंट नाही बसणार.’ झालं! तेच पैसे, फक्त गोड आवाजात. ही युक्ती आपल्या सराफांनी शोधलेली नाही बरं का. अमेरिकेत कार्ड कंपन्यांचा आग्रहच होता की रोख आणि कार्डाच्या किमतीत फरक ठेवायचाच असेल तर त्याला ‘कार्डाचा आकार’ म्हणू नका, ‘रोखीची सूट’ म्हणा. रिचर्ड थेलर (२०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे) यांनी १९८० च्या एका लेखात याची नोंद केली आहे. खिशातून जास्त गेलं की आपल्याला टोचतं, सूट हुकली की फक्त हळहळतो. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर एप्रिल २०१७ पासून बंदी आहे, त्यामुळे मोठ्या खरेदीत रोखीची सूट तशीही कागदावरच. तिथे चेक किंवा एनईएफटीचा भाव विचारा, सूर एकदम बदलतो.

गंमत म्हणजे, काऊंटरवर दोन टक्क्यांसाठी भांडणारे आपण ऑनलाइन मात्र एकदम सोशिक. सप्टेंबर २०१९ पासून आयआरसीटीसीने एसी तिकिटामागे ३० रुपये आणि नॉन-एसीला १५ रुपये ‘कन्व्हीनियन्स फी’ पुन्हा सुरू केली, वर जीएसटी. यूपीआयने दिलं तर २० आणि १०. सिनेमाच्या तिकिटांवर काय चालतं ते तर विचारूच नका. समोर माणूस नसला की हुज्जत घालायला मजा येत नाही बहुतेक!

माझा स्वतःचा नियम साधा आहे. बारीक मार्जिनचं छोटं दुकान असेल तर कार्ड पाकिटात, फोन बाहेर. बँक अकाउंटवरून यूपीआय केलं की काकाही खूश. (सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येतं, पण दोन हजारांच्या वर तिथेही दुकानदाराला चार्ज लागतो. तेव्हा ‘क्रेडिटवाला नको’ असं कुणी म्हणालं तर दचकू नका.) चकाचक शोरूममध्ये मात्र मी कार्डच पुढे करते आणि छापील किमतीच्या वर एक रुपया देत नाही. दहातल्या सात वेळा मॅनेजर येतो, हसतो आणि दोन टक्के विरघळतात.

एका ऑफरला मात्र कधीच बळी पडू नका. ‘बिल नको असेल तर दो परसेंट छोड देता हूँ.’ साठ हजारांच्या लॅपटॉपवर हे बाराशे वाचवलेत आणि आठव्या महिन्यात मदरबोर्ड गेला, की सर्व्हिस सेंटरचा मुलगा पहिला प्रश्न विचारतो, ‘इनव्हॉइस आहे का?’