चाकाखालचे स्वदेशी

‘स्वदेशी’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पुण्यात १९०५ साली पेटलेली विदेशी कापडाची होळी, चरखा, तळेगावचा पैसा फंडाचा काचकारखाना, फार तर किर्लोस्करांचा नांगर. शाळेपासून निबंधांतून आपण हेच लिहीत आलो. त्या यादीत मोटारीचा टायर कोणी घातलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यात नवलही नाही म्हणा. टायर ही वस्तूच अशी, की ती फुटल्याखेरीज तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

तरीही ‘देशी’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा कस लावायचा झाला तर खादीपेक्षा टायरच अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे. खादीचे उत्तर सोपे. कापूस इथला, सूत इथले, विणणारे हात इथले. टायरचे तसे नाही. त्याच्या अंगावर नाव एका देशाचे, त्याची कृती दुसऱ्या देशाकडून विकत घेतलेली, आतले रबर काही केरळचे तर काही बाहेरून आणलेले, आणि त्याला काळा रंग व बळकटी देणारी काजळी खनिज तेलातून निघालेली. याला देशी म्हणायचे ते कशाच्या बळावर? आजकाल याचे उत्तर चटकन मिळते: मालक भारतीय, म्हणून माल भारतीय, झाले! मला हे उत्तर अपुरे वाटते. का, ते सांगायचे तर थोडा इतिहास उगाळावा लागेल.

आधी नावांचीच गंमत पाहा. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबर आणि गंधक एकत्र तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली आणि १८६० साली तो कर्जात बुडालेला असताना वारला. त्याच्या नावाची कंपनी निघाली १८९८ साली, तीही त्याच्याशी कसलेच नाते नसलेल्या माणसांनी काढलेली. डनलॉप हा बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवून पाहिली आणि १८८८ साली त्याने पेटंट घेतले. आपल्याकडे त्याचे नाव गादीला चिकटले. गादी कोणत्याही कंपनीची असो, घरातली वडील मंडळी तिला ‘डनलॉपची गादी’च म्हणत. आता आपली म्हणवणारी नावे घ्या. अपोलो हा ग्रीकांचा देव. एम. आर. एफ. ही इंग्रजी आद्याक्षरे आणि सिएट ही इटालियन. जे. के. म्हणजे कानपूरच्या सिंघानिया घराण्यातले जुग्गीलाल आणि कमलापत, हे किती गिऱ्हाइकांना ठाऊक असेल? अस्सल संस्कृत नाव म्हैसूरच्या ‘विक्रांत’चे, तो कारखानाही १९९७ साली जे. के. समूहाकडे गेला. तेव्हा नावावरून कूळ ओळखण्याचा नाद सोडलेला बरा.

एम. आर. एफ.ची कथा एखाद्या कादंबरीला शोभावी अशी आहे. त्रावणकोर संस्थानात के. सी. मामेन माप्पिळ्ळै हे ‘मलयाळ मनोरमा’ या वृत्तपत्राचे संपादक होते. दिवाण सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्याशी त्यांचे बिनसले. १९३८ साली वृत्तपत्राला टाळे लागले, त्याच वर्षी घराण्याची बँक बुडाली आणि पुढे त्यांना तुरुंगातही जावे लागले. वैभवातले घर उघड्यावर आले. त्यांचे चिरंजीव के. एम. मामेन माप्पिळ्ळै यांनी १९४६ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे एका लहानशा शेडमध्ये रबरी माल करायला सुरुवात केली. माल कोणता? तर पोरांनी फुंकायचे फुगे! १९५२ साली ते झिजलेल्या टायरवर चढवायच्या रबराकडे वळले. या धंद्यात तेव्हा परदेशी कंपन्यांचा वरचष्मा होता. पण चार वर्षांत बाजारातला निम्मा वाटा मद्रास रबर फॅक्टरीने मिळवला.

खुद्द टायर करायचे ठरले तेव्हा मात्र विद्या बाहेरून आणावी लागली. ती ओहायोमधल्या मॅन्सफिल्ड कंपनीकडून आली आणि १९६१ साली टायर बाहेर पडू लागले. येथे खरी अडचण सुरू झाली. अमेरिकेच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी बेतलेला टायर आपल्या खड्ड्यांवर, आपल्या उन्हात आणि आपल्या ट्रकमालकाने लादलेल्या बेसुमार ओझ्याखाली टिकेना. मग स्वतःचे संशोधन करणे भाग पडले. खांद्यावर टायर पेलणारा तो पिळदार पुरुष १९६४ साली जाहिरातीत आला. त्याचा घाट अलेक पदमसी यांचा. १९६७ साली याच कंपनीने अमेरिकेला टायर पाठवले. पुढे गोव्यात उसगावलाही तिचा कारखाना उभा राहिला. गंमत अशी की ज्या मॅन्सफिल्डकडून हा धडा घेतला, ती कंपनी सत्तरीच्या दशकाअखेर दिवाळखोरीत गेली. गुरू बुडाला आणि शिष्य तरला!

जून २०२३ मध्ये एम. आर. एफ.च्या एका समभागाचा भाव लाख रुपयांवर गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचे केवढे कौतुक केले! मला त्या लाखाचे फारसे अप्रूप नाही. उसनी विद्या आपल्या रस्त्याला पुरेना आणि ती इथल्या माणसांनी इथे बदलली, तो प्रसंग मला मोलाचा वाटतो. माझ्या हिशेबी ती कंपनी देशी झाली ती तेव्हा.

सिएटची गोष्ट याहून वेगळी, आणि आपल्या मुंबईची. १९२४ साली इटलीतल्या तुरीन शहरात निघालेल्या एका कंपनीच्या नावाची ही आद्याक्षरे. त्या नावाचा अर्थ ‘विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू, तुरीन’! टायरचा त्यात उल्लेखही नाही. १९५८ साली टाटांच्या सहकार्याने ती मुंबईत आली आणि भांडुपला तिचा कारखाना सुरू झाला. १९८२ साली ती गोएंकांच्या समूहाकडे गेली. तिकडे इटलीत मूळ कंपनीचा टायरचा धंदा आणि नाव पिरेली या बड्या कंपनीच्या हाती लागले. शेवटी २०१० साली मुंबईच्या कंपनीने पिरेलीकडून ते नाव साऱ्या जगासाठी विकत घेतले. दत्तक गेलेल्या मुलाने मूळ घराचे आडनावही खरेदी करावे, तसलाच हा प्रकार. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण म्हणूनच, ‘आमचा ब्रँड जन्माने देशी’ असे छाती काढून सांगणाऱ्यांनी थोडे दमाने घ्यावे.

मालक भारतीय असला म्हणजे सर्व काही मिळाले, या समजुतीला खरा धक्का बसतो तो हुगळीच्या काठी. साहागंज येथे डनलॉपने १९३६ साली कारखाना सुरू केला. भारतात टायर तयार होऊ लागले ते तेथून. सायकलीपासून विमानापर्यंतचे टायर तेथे होत. ॲम्बॅसिडर गाडीला लागणारा ५.९०-१५ मापाचा टायर दुकानात मागायला गेले की पुष्कळदा पुढे येई तो डनलॉपचाच. त्या काळच्या स्वदेशीच्या व्याख्येत ही कंपनी कधीच बसली नसती. मालक गोरे, नाव गोरे, नफा विलायतेला. पण चार पिढ्यांचे संसार त्या भोंग्यावर चालले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास कंपनी भारतीय भांडवलदारांच्या हाती आली. व्याख्येप्रमाणे ती आता स्वदेशी झाली. आणि नव्वदीच्या अखेरीपासून कारखान्याची जी उघडझाप सुरू झाली ती थांबली नाही. २००५ साली पुन्हा मालक बदलला, तोही भारतीयच. २०११ साली काम थांबले. २०१६ साली पश्चिम बंगालच्या विधानसभेने कारखाना सरकारने ताब्यात घ्यावा म्हणून विधेयक संमत केले. याची कारणे कोणी कामगार संघटनांत शोधतो, कोणी जुन्या यंत्रांत, कोणी मालकांच्या नियतीत. प्रत्येकात काही तथ्य असेल. मला एवढेच दाखवायचे आहे, की मालकाच्या पासपोर्टने कामगाराला तारले नाही. सरकारी मालकीनेही काही वेगळे घडले नाही. इंचेक टायर्स आणि नॅशनल रबर या कलकत्त्याकडच्या दोन कंपन्यांचे १९८४ साली राष्ट्रीयीकरण होऊन टायर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया निघाले. ते आजारी पडले ते उठलेच नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत साहागंजचे नाव अचानक पुन्हा वर्तमानपत्रांत आले. कारखान्याजवळच्या मैदानावर दोन दिवसांच्या अंतराने प्रथम पंतप्रधानांची आणि मग मुख्यमंत्र्यांची, अशा दोन प्रचंड निवडणूक सभा झाल्या. मैदानाचे नाव अजून डनलॉप मैदानच.

हीच नाण्याची दुसरी बाजू युरोपात दिसते. केरळात पेरांब्र येथे १९७७ साली पहिला कारखाना काढणाऱ्या अपोलोने २००९ साली हॉलंडमधली व्ह्रेडेस्टाइन ही जुनी कंपनी विकत घेतली. आपल्याला केवढा अभिमान वाटला! २०२५ साली त्याच अपोलोने एन्सखेडे येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तेथल्या डच कामगाराच्या घरी त्या दिवशी जे बोलणे झाले असेल, ते साहागंजच्या चाळीत झालेल्या बोलण्याहून फार वेगळे नसावे.

आता टायरच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे झाडाकडे वळू. रबराचा चीक गोळा करणारा शेतकरी पहाटे उठून खोडाला तिरपी खाच पाडतो आणि करवंटीत किंवा वाटीत थेंब थेंब जमा करतो. केरळातले हे दृश्य आता आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातही दिसते. २०११ च्या सुमारास रबराचा भाव किलोला २४० रुपयांच्या आसपास गेला होता. २०१६ च्या आरंभी तो शंभराच्याही खाली आला. केरळ सरकारला २०१५ साली किलोमागे १५० रुपयांची हमी देणारी योजना आणावी लागली. त्या वर्षांत दुकानातल्या टायरची किंमत निम्म्याहून खाली आल्याचे कोणी पाहिले आहे काय?

उलट दुसरीच हकीकत बाहेर आली. देशातल्या पाच प्रमुख टायर कंपन्यांनी संगनमताने किंमती वाढवल्याचा ठपका ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने त्यांना आणि त्यांच्या संघटनेला एकूण १,७८८ कोटी रुपयांचा दंड केला. आदेश २०१८ चा, प्रसिद्ध झाला २०२२ च्या फेब्रुवारीत. कंपन्यांना तो मान्य नव्हता, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत धाडले. तेव्हा त्यांना दोषी म्हणून मोकळे होणे बरोबर नव्हे. पण २०२० साली परदेशी टायरच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले ते ‘देशी’ उद्योगाच्या रक्षणासाठी. रबर पिकवणाऱ्यालाही आयात शुल्काचे कुंपण आहे. मात्र निर्यातीच्या मालासाठी कारखानदाराला तेच रबर शुल्क न भरता आणता येते. कुंपणाला फाटक आहे आणि किल्ली एकाच बाजूला आहे. ज्यांच्यासाठी देशाने दार लावून घेतले, त्यांनी दाराच्या आत काय भाव लावला, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आणि शेतकऱ्याला नको काय?

कोणी म्हणेल, कलाशाखेच्या अंकात हा वाणिज्याचा विषय कशाला? माझे म्हणणे नेमके उलट आहे. कंपन्या आपला इतिहास लिहून घेतात; गुळगुळीत कागदावर, मालकांच्या छायाचित्रांसह. त्यात संस्थापक असतो, पहिले यंत्र असते, विक्रीचे आकडे असतात. तापलेल्या साच्यातून वाफाळता टायर ओढून काढणारा माणूस त्यात सापडत नाही. त्याची हकीकत मिळवणे हे इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्याचे काम आहे. आपल्या इतिहास विभागात पेशव्यांच्या दप्तरावर दरसाल प्रकल्प होतात, ते व्हावेतच. पण शिवडीला हे बंदर रस्त्यावर फायरस्टोनचा टायर कारखाना होता. पुढे त्याचे नाव बॉम्बे टायर इंटरनॅशनल झाले. अबकारी करासंबंधीच्या १९८३ च्या एका सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ते नाव वकिलांच्या ओठांवर आजही आहे. तेथे काम केलेल्यांच्या ओठांवर काय आहे, ते कोणी टिपून ठेवले?

भांडुप, लालबाग, शिवडी येथे आणि निवृत्तीनंतर रत्नागिरी-सातारच्या गावी परतलेली अशी माणसे अजून भेटतील. ती आता सत्तरी-ऐंशीत असतील. काजळी खात्यातून घरी आल्यावर अंगाचा काळेपणा जायला किती पाणी लागे, साच्याला आणि यंत्रांना ते आपसांत कोणत्या नावांनी हाक मारीत, मालक बदलल्याची बातमी त्यांना कोणी आणि कशी सांगितली, एवढे तीन प्रश्न घेऊन दहा विद्यार्थी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत निघाले तरी पुढच्या वार्षिकाची पंचवीस पाने सहज भरतील. आमच्या इतिहास मंडळाने येत्या जूनच्या पहिल्याच बैठकीत हा विषय घ्यावा; दोन वह्या आणि एसटीचे भाडे एवढाच काय तो खर्च आहे.