स्वस्त वीज कोणाची?

पुण्याच्या स्वारगेटवर सायंकाळी सातच्या सुमारास विजेवर चालणाऱ्या बसगाड्या प्रवाशांनी ओसंडत असतात आणि सप्टेंबर 2024 पासून तेथे भुयारातून मेट्रोही धावू लागली आहे. रस्त्यावरचा धूर घटला, ही आनंदाची गोष्ट! परंतु तो पुष्कळसा चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांकडे सरकला आहे, हे आपण सोयीने विसरतो. सौरऊर्जेचे गोडवे जरूर गावेत. मात्र गर्दीच्या या घटकेला सूर्य मावळलेला असतो.

‘अणुवीज महाग’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्या तारापूरकडे पाहावे. 1969 साली सुरू झालेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांची वीज कित्येक वर्षे युनिटमागे रुपयाच्या आसपास पडत होती. याचे कारण साधे आहे. येथे पैसा लागतो तो उभारणीला. इंधनाचा वाटा अल्प. भांडवल एकदा फिटले की पुढील पिढ्यांना त्याचे फळ मिळते. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगाची पहिली भट्टी 2018 अखेरपर्यंत सलग 962 दिवस चालली. कचऱ्याचा प्रश्न आहेच. पण तो मोजूनमापून कोंडून ठेवता येतो. कोळशाच्या राखेचे तसे नाही.

तथापि खर्च उभारणीत असल्यामुळेच भट्टी कोणती, हा प्रश्न निर्णायक ठरतो. आणि येथे अणुऊर्जेचे समर्थकच तिचा घात करीत आहेत. जैतापूरला सहा फ्रेंच भट्ट्या योजिल्या आहेत. त्याच जातीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिल येथे 2007 साली बांधावयास घेतली. ती जाळ्याला जोडली गेली 2024 च्या डिसेंबरात, आणि खर्च मूळ अंदाजाच्या चौपट झाला. दाभोळच्या एन्रॉनची महागडी वीज 2001 साली नाकारावी लागलेल्या महाराष्ट्राने पुन्हा तोच जुगार का खेळावा? गुजरातेत काक्रापारला स्वदेशी बनावटीच्या 700 मेगावॉटच्या दोन भट्ट्या 2023 व 2024 साली वीज विकू लागल्या. त्या बांधाव्यात.

आणखी एक हिशेब राहतो. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली, आणि पुनर्वसनासाठी त्या गावकऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यांची घरे, शेते, होड्या यांचे पुरते मोल विजेच्या दरात आधीच धरले पाहिजे. युनिटमागे काही पैसे वाढतील. ते स्वारगेटच्या प्रवाशाने द्यावेत, किनाऱ्यावरच्या कोळ्याने नव्हे.