सावकाशीचे पथ्य

विसाव्या शतकात जपानच्या जॉर्ज ओसावा यांनी मॅक्रोबायोटिक आहाराचा प्रसार केला. कोंड्यासह शिजवलेला तांदूळ, भाज्या, कडधान्ये व समुद्रशैवाल हा त्याचा गाभा, तर संतुलन हे त्याचे तत्त्व. तथापि काही अनुयायांनी उतावीळपणे त्याचे टोकाचे रूप स्वीकारले. १९६५ साली अमेरिकेत केवळ धान्यावर राहणाऱ्या एका तरुणीचा मृत्यू ओढवला. पुढे मिचिओ कुशी यांनी तेथे रुजवलेल्या पद्धतीत धान्याचा वाटा साधारण निम्मा राहिला. उरलेले ताट भाज्या, डाळी यांनी भरले.

या इतिहासातून संयमाचा बोध घ्यावयास हवा. पचनसंस्थेलाही सवय लागलेली असते. तंतुमय अन्न एकाएकी वाढले की पोट फुगते आणि मनुष्य आहारालाच दोष देऊन जुन्या ताटाकडे परततो. म्हणून आरंभी नेहमीच्या भातात कोंड्याचा तांदूळ, आधी भिजवून, थोडाच मिसळावा. मैदा व साखर क्रमाने कमी करावी. प्राणिज पदार्थ पूर्ण सोडणाऱ्याने बी-१२ जीवनसत्त्वाची सोय आधी करावी. बालके, गर्भवती व रुग्ण यांच्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आवश्यकच होय.

संतुलनाकडे जाणारी वाटही संतुलितच असली पाहिजे.